दोघांचेही खरे

माणसाने खोटे बोलू नये, ही शिकवण आपल्याकडे फार लवकर सुरू होते. हरिश्चंद्राची गोष्ट ऐकत मुले मोठी होतात आणि शाळेच्या भिंतीवरील 'नेहमी खरे बोलावे' हे वाक्य वाचत आणखी मोठी होतात. ते वाक्य भिंतीवर रंगविणाऱ्यांपैकी मी एक. मॅट्रिकनंतर चित्रकलेची पदविका घेऊन मी मास्तर झालो, आणि सुविचार रंगविण्याचे काम ओघानेच माझ्याकडे आले. पण या साऱ्या शिकवणीत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. जगात भांडण होते ते खरे आणि खोटे यांच्यात. एक खरा असेल तर दुसरा खोटा असलाच पाहिजे. दोघेही खरे बोलत आहेत, दोघांनीही आपापले काम चोख केले आहे, आणि तरीही त्यातून निपजले ते खोटेच, असे झाले तर काय करावे, हे मात्र आपल्याला कोणी शिकविलेले नसते.

असे पुष्कळदा होते. या दिवसांत तर ते स्वयंपाकघरातच होते. चकलीचे पीठ भिजवून ठेवलेले असते. सासूबाई येतात, चिमूटभर पीठ जिभेवर ठेवतात, ते आळणी आहे असे ठरवितात आणि मिठाची बरणी आणायला फडताळाकडे वळतात. तेवढ्यात सूनबाई तेच पीठ चाखते. तिलाही ते आळणीच लागते. तिच्या हाताशी मीठ असते. ती ते घालते, पीठ मळते आणि नळाला पाणी आले म्हणून निघून जाते. सासूबाई बरणी घेऊन येतात आणि पुन्हा न चाखता मीठ घालतात. संध्याकाळी चकली कोणाला तोंडात धरवत नाही. आता चूक कोणाची? दोघींनी चव घेतली होती, दोघींचे निदान बरोबर होते, दोघींनी मीठ मापानेच घातले होते. शोधायला गेले तर चूक कोणाच्याच हातात सापडत नाही. चव घेणे आणि मीठ घालणे यांच्यामध्ये जे अर्धे मिनिट गेले, त्यात ती असते. त्या अर्ध्या मिनिटात पीठ बदलले होते आणि सासूबाईंच्या जिभेवर जुनीच चव होती.

चकलीची गोष्ट हसण्यावारी नेता येते. नोंदवहीची नेता येत नाही.

आमचे राहाते पेरूच्या बागांचे गाव. हंगामात पेरू तोडायला आणि पाट्या भरायला जी माणसे येतात, त्यांची मुले इकडच्या शाळांतून शिकतात. अशाच एका गृहस्थाच्या मुलीला शिष्यवृत्ती मिळायची होती. शाळेच्या नोंदीत मुलीच्या नावातील एक अक्षर चुकले होते आणि बँकेच्या पुस्तकात ते बरोबर होते. दोन्ही नावे जुळल्याशिवाय पैसे जमा होत नाहीत. वर्गाच्या बाईंनी वडिलांना शेजारी बसवून संगणकावर नाव दुरुस्त केले. त्याच वेळी कचेरीत भाऊसाहेबांनी, म्हणजे शाळेच्या कारकुनाने, त्याच मुलीचे पान आधीपासून उघडून ठेवलेले होते. त्यांना फक्त फोनचा आकडा बदलायचा होता. तो त्यांनी बदलला आणि 'जतन करा' हे बटण दाबले. महिने गेले. शिष्यवृत्ती आली नाही. वडील चौकशीला आले, पान उघडले, तर नाव जुनेच, चुकलेले.

बाई म्हणाल्या, मी दुरुस्त केले होते. ते खरे होते. भाऊसाहेब म्हणाले, मी नावाला हातसुद्धा लावलेला नाही. तेही खरे होते. पण दोघांचेही खरे असू शकते, हे दोघांनाही सुचले नाही. बाईंना वाटले, भाऊसाहेबांनी काहीतरी करून ठेवले आणि आता अंग काढून घेत आहेत. भाऊसाहेबांना वाटले, बाईंनी काम न करताच केल्याचे सांगितले. पंधरा वर्षे एका डब्यात जेवलेली ही माणसे पुढे कित्येक महिने एकमेकांशी कामापुरती बोलत होती. नाव पुन्हा दुरुस्त झाले आणि पुढच्या वर्षी पैसेही आले. पण जाता जाता त्या वडिलांनी काढलेले उद्गार माझ्या मनातून गेले नाहीत. रागावून ते बोललेच नाहीत. एवढेच म्हणाले, "जाऊ द्या गुरुजी, आमच्या कामाला असंच होतं." आपल्याला खोटे सांगून वाटेला लावले, असे त्यांनी मनाशी धरले होते, आणि कोणीही त्यांना खोटे सांगितलेले नव्हते.

हे झाले कसे, ते पुण्याला संगणकाचे काम करणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याने मला उलगडून सांगितले. पूर्वीची नोंदवही ही एक वस्तू होती. ती एका वेळी एकाच टेबलावर असे. एकाने ती उघडली असली, की दुसऱ्याने शेजारी उभे राहायचे. आणि उभ्या उभ्या आत काय लिहिले जात आहे हेही त्याला दिसायचे. संगणकाच्या जाळ्याने हा खोळंबा दूर केला. तीच वही आता वर्गात उघडते, कचेरीत उघडते, जिल्ह्याच्या गावी उघडते, आणि एकाच क्षणी उघडते. ही सोय मोठी आहे. तिला नावे ठेवण्याचा माझा विचार नाही. पण खरे पाहता ती वही आपल्यासमोर उघडतच नाही. मूळ नोंद दूर कोठेतरी असते. आपल्यापुढे येते ती तिची नक्कल. पडद्यावर उमटते त्या क्षणी ती ताजी असते आणि पुढच्या क्षणापासून शिळी होऊ लागते. आपण तिला मूळच समजत असतो. बाईंनी आपली नक्कल सुधारून पाठविली, मूळ सुधारले. मागून भाऊसाहेबांची नक्कल गेली. तिच्यात फोनचा आकडा नवा आणि बाकी सारे जुने. यंत्राने ती आहे तशी मुळावर बसविली. चकलीच्या पिठात दोघींच्या मिठाची निदान बेरीज झाली. येथे एकाच्या लिहिण्याने दुसऱ्याचे लिहिणे गिळून टाकले, आणि ढेकरही दिला नाही. ज्या बटणाने हे घडले त्याचे नाव 'जतन करा' असावे, ही भाषेची थट्टाच म्हणायची.

ज्याचा हात शेवटचा त्याचे खरे, हा न्याय यंत्राने कोठून आणला? एका ठिकाणी तो आपणही मानतो. एकाच माणसाची दोन मृत्युपत्रे निघाली तर शेवटचे ग्राह्य धरतात. पण तेथे मन एकाचेच असते. पहिले काय लिहिले होते हे त्याला ठाऊक असते, आणि ते बदलण्याचा अधिकारही त्याचाच असतो. दोन माणसांच्या बाबतीत उशिरा येणे हा काही गुण नव्हे. ज्याने पहिल्याचे लिहिलेले वाचलेलेच नाही, त्याने ते रद्द केले असे तरी कसे म्हणावे? निर्णय कोणी घेतलाच नाही, आणि तरी त्याचा परिणाम मात्र झाला.

यावर पहिला उपाय सुचतो तो कुलपाचा. एकाने पान उघडले की दुसऱ्याला ते उघडता येऊ नये. आमच्या तालुक्यातील पुणतांब्यावरून जाणारा दौंड-मनमाड लोहमार्ग कित्येक वर्षे एकेरी होता. अशा एकेरी मार्गांवर समोरासमोर गाड्या येऊ नयेत म्हणून आपल्या रेल्वेत लोखंडी गोळ्याची पद्धत होती. दोन स्थानकांतील यंत्रे एकमेकांना अशी जोडलेली, की त्या दोहोंमध्ये मिळून एका वेळी एकच गोळा बाहेर निघे. गोळा हाती आल्याशिवाय चालकाने गाडी हाकायची नाही. कड्याला अडकविलेला तो गोळा धावत्या गाडीतून झेलताना पाहणे हा पूर्वीच्या प्रवासातला एक आनंद होता. जेथे जिवाशी गाठ आहे तेथे हीच पद्धत योग्य. पण कचेरीत ती फार चालत नाही. कुलूप लावणारा चहाला निघून जातो, आणि पान त्याच्या नावाने अडून बसते. त्याहून गमतीचा प्रकार म्हणजे दोघांना दोन-दोन पाने हवी असतात. एकाने पहिले धरलेले असते, दुसऱ्याने दुसरे, आणि दोघेही एकमेकांच्या पानाची वाट पाहत बसतात. भावाभावांच्या वाटणीत असा तिढा पुष्कळांनी पाहिला असेल.

दुसरा उपाय अधिक सभ्य आहे. १९८१ साली एच. टी. कुंग आणि जॉन रॉबिन्सन या संशोधकांनी त्याची मांडणी केली आणि त्याला 'आशावादी' असे नाव दिले. दोघे एकाच नोंदीवर एकाच वेळी क्वचितच येतात, असा विश्वास धरून कोणालाही अडवायचे नाही, लिहू द्यायचे. फक्त लिहिलेले मुळात बसविण्यापूर्वी एक गोष्ट तपासायची. याची साधी रीत अशी, की प्रत्येक नोंदीला एक क्रमांक द्यायचा आणि नोंद बदलली की तो एकाने वाढवायचा. तुम्ही नक्कल नेलीत तेव्हा क्रमांक सात होता. आता परत आलात तेव्हाही सातच आहे काय? असेल तर खुशाल बसवा. आठ झाला असेल, तर मधल्या काळात दुसऱ्या कोणीतरी लिहिले आहे. मग यंत्र म्हणते, थांबा. आधी त्याने काय लिहिले ते पाहा. भाऊसाहेबांना त्या दिवशी एवढे जरी कोणी म्हटले असते, तरी एक शिष्यवृत्ती आणि एक मैत्री वाचली असती.

येथे कोणी म्हणेल, की हा यंत्रज्ञाचा प्रश्न झाला. मास्तराने यात नीती कशाला शोधावी? मला हा आक्षेप पटत नाही. दोन लेखने भिडली आहेत, एवढे यंत्र सांगू शकेल. त्यांतले खरे कोणते, हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. त्यासाठी बाईंना आणि भाऊसाहेबांना एका पानाशी येऊन बसावे लागेल, आणि आपल्यावाचूनही कोणी खरे असू शकते हे आधी मान्य करावे लागेल. शिवाय, एकाचे लिहिणे पुसले जात असताना त्याला कळवायचे की नाही, हे यंत्र ठरवीत नाही. ते घडविणारा माणूस ठरवितो. न कळविणे ही त्याने केलेली निवडच असते. आणि कळविले तरी वाचणाऱ्याची जबाबदारी उरतेच. रोज दहा वेळा 'नक्की का?' असे विचारले, की अकराव्या वेळी माणूस न वाचताच 'होय' म्हणतो.

हा विचार संगणकाबरोबर परदेशातून आला असेही समजू नये. आपल्या चावडीत तो पूर्वीपासून आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची. तिच्यात जमिनीच्या हक्काची नोंद बदलण्याची जी रीत सांगितली आहे, ती मी एकदा लक्षपूर्वक वाचली आणि चकित झालो. तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, ते सातबाऱ्यावरील नाव एकदम बदलीत नाहीत. बदल आधी फेरफाराच्या नोंदवहीत जातो. त्याची प्रत चावडीत लागते. ज्यांचा ज्यांचा त्या जमिनीशी संबंध आहे त्यांना कळविले जाते, आणि हरकत घेण्यासाठी पंधरा दिवस मिळतात. हरकत आली तर तिची वेगळ्या वहीत नोंद होते आणि दोन्ही बाजू ऐकून घेतल्या जातात. मग मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतात. हाताने लिहिण्याच्या काळात तोवर सातबाऱ्यावर फेरफाराचा क्रमांक पेन्सिलीने घालून ठेवीत, शाई नंतर. आणि जे नाव कमी व्हायचे त्याला कंस करीत, त्याच्यावर शाई फासत नसत. कोण होता आणि कोणत्या फेरफाराने गेला, हे नातवालाही वाचता यावे. चावडीवरचा कागद प्रत्यक्षात कितीजण वाचतात, हा प्रश्न वेगळा. पण ज्याने ही रीत बसविली त्याने एक मर्म ओळखले होते, की ज्याच्या नोंदीवर तू लिहितो आहेस त्याला आधी सांग, आणि तो बोलेपर्यंत तुझी शाई दौतीतच राहू दे.

जमिनीपेक्षाही ज्यावर अधिक माणसांनी अधिक प्रेमाने लिहिले, असे धन म्हणजे ग्रंथ. ज्ञानेश्वरी आमच्याच जिल्ह्यात, नेवाशाला, शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये सांगितली गेली. पुढच्या तीनशे वर्षांत तिच्या हस्तलिखितांच्या नकला झाल्या, नकलांच्या नकला झाल्या, आणि नकलाकारांच्या हातून पाठ बदलत गेले. कोठे हात चुकला. कोठे भक्तीने उचंबळून आलेल्या कोणी आपलीही ओवी आत बसविली. त्यांच्यापैकी कोणाचा हेतू वाईट असेल असे मला वाटत नाही. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, पैठणच्या एकनाथ महाराजांनी निरनिराळ्या प्रती ताडून पाहून शुद्ध प्रत सिद्ध केली, आणि पुढे कोणी त्यात भर घालू नये अशी निक्षून सूचना केली. नाथ स्वतः केवढे कवी! भागवतावरचा त्यांचा ग्रंथ त्याआधीच पूर्ण झालेला होता. पण ते लिहिणे त्यांनी आपल्या नावाने वेगळे केले. ज्ञानदेवांच्या पानावर त्यांनी लेखणी चालविली ती दुसऱ्यांचे केर काढण्यापुरती. आपले कोणते आणि दुसऱ्याचे कोणते, ही जाण ज्याला आहे त्याच्याच हाती कुलपाची किल्ली शोभते.

अशी माणसे थोडी. म्हणून पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारतासाठी जो मार्ग धरला, तो मला सामान्यांच्या अधिक उपयोगाचा वाटतो. १९१९ साली चिकित्सक आवृत्तीचे ते काम सुरू झाले; १९२५ पासून विष्णु सीताराम सुकथनकरांनी ते आपल्या हाती घेतले; १९४३ साली ते गेले, आणि १९६६ साली काम पूर्ण झाले. बाराशेंहून अधिक हस्तलिखिते समोर ठेवून मूळ संहिता ठरविली गेली. जे जुन्यात जुने आणि सर्वांना समान, ते वर छापले. बाकीचे पाठ खाली टीपांत दिले, मोठे भाग परिशिष्टांत नेले. व्यासांच्या मुखातून गणपतीने महाभारत उतरून घेतले, ही आपल्या सर्वांच्या आवडीची कथादेखील संहितेतून परिशिष्टात गेली. गेली, पण पुसली गेली नाही. आणि जेथे संपादकांना स्वतःच्या निवडीची पुरती खात्री नव्हती, तेथे त्यांनी शब्दांखाली नागमोडी रेघ ओढली. 'हे मला असे वाटते, पण खात्री नाही,' एवढे सांगायला एक रेघ पुरते. आपल्या बोलण्याखाली अशी रेघ ओढण्याची सोय असती, तर कितीतरी घरांतले आवाज खाली आले असते.

कारण नोंदी काही वह्यांतच असतात असे नाही. प्रत्येक माणसाची एक नोंद आपण मनात बाळगून असतो. धाकटा भाऊ बेजबाबदार आहे. जाऊबाई कुसकट बोलतात. अमका पैशाच्या बाबतीत भरवशाचा नाही. या नोंदी खोट्या असतात असे मी म्हणत नाही. बहुधा त्या पाहूनच केलेल्या असतात. पण कधी पाहून? भाऊ बेजबाबदार होता तो वीस वर्षांपूर्वी, आईच्या आजारपणात त्याचा पत्ता लागला नाही तेव्हा. त्यानंतर त्याने स्वतःची दोन मुले वाढविली, सासऱ्यांचे दुखणे काढले. आपल्या नकलेत यातले काही उमटलेले नाही. दिवाळीला तो उंबऱ्यात येतो आणि आपण जुनी नक्कल समोर ठेवून त्याच्याशी बोलू लागतो. त्याच्याजवळही आपली अशीच एक जुनी नक्कल असते. दोघेही खरे बोलतात, दोघांनाही पुरावे आठवतात, आणि भाऊबिजेचे ताट तसेच राहते. अशा वेळी सत्यवादी असणे पुरत नाही, असे मला वाटू लागले आहे. मी पाहिले ते खरे होते, एवढ्याने माणसाचे कर्तव्य संपत नाही. मी पाहिल्यानंतर काही बदलले काय, हे लिहिण्यापूर्वी विचारणे, हाही सत्याचाच भाग आहे. आणि तो बराचसा दुर्लक्षित भाग आहे. हरिश्चंद्राने दिलेला शब्द पाळला, हे थोरच. पण आपल्यासारख्यांची परीक्षा स्मशानात होत नाही. ती ओसरीवर होते, आणि तिच्यात विचारलेला प्रश्न अगदी लहान असतो: पुन्हा एकदा चाखून पाहिलेस का?

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या पेठेत अजूनही काही दुकानांतून वह्यांची पूजा होते. हिशेब आता संगणकावर असतात, तरी पूजेला म्हणून एक लाल कापडाची वही आणतात, तिच्यावर कुंकवाने स्वस्तिक काढतात, पहिल्या पानावर 'श्री' लिहितात. वही कोरी करकरीत असते. पण जुन्या पेढीवरचे मुनीम काय करीत, ते ठाऊक असलेली माणसे अजून आहेत. नव्या वहीत पहिला आकडा घालण्यापूर्वी ते जुनी वही उघडीत, शेवटच्या पानावरची शिल्लक वाचून दाखवीत, दुसऱ्याकडून ती पडताळून घेत, आणि मगच 'मागील बाकी' म्हणून नव्या पानावर उतरवीत.

या दिवाळीत माणसांच्या बाबतीतही तेवढे करून पाहावे.